उघडा पत्रा

दीपमाले,

शिवराजला बाहेरच्या खोलीत कोंडून मी पोलीस ठाण्यात चालले आहे. तू अन् श्रेया स्वयंपाकघरातून हलू नका. त्याच्या दाराची कडी उघडू नको.

पहाटे तो पुन्हा हीटरची तुटकी वायर घेऊन तुझ्याकडं निघाला. "माय, मधी येऊ नको," म्हणाला. मी त्याच्या मनगटावर मुसळ घातलं. हाड वाजलं. माझाच लेक आहे म्हणून हात हलका पडला नाही. वायर माझ्या पिशवीत आहे. तुझ्या पाठीवरचे वळ पोलिसांना दाखवायचे आहेत, तोवर हळद लावू नको.

सोमनाथ भावजी लेहला बांधकामावर आहेत. तिथं भिंतीत अन् छतात भुसा भरतात, मग बर्फातसुद्धा लहान शेगडीवर घर ऊबदार राहतं, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून आपण पत्र्याखाली थर्माकोल बसवला. शिवराजचे बजाजनगरचे दोस्त हसले, तर ह्यानं दारूच्या भरात बाहेरच्या खोलीतला थर्माकोल ओरबाडून काढला. तुझं लेकरू श्रेया उघड्या पत्र्याखाली कुडकुडलं, तू रात्रभर हीटर लावलास, अन् बिल आलं तेव्हा त्यानं तुलाच झोडपलं.

स्वयंपाकघरातल्या थर्माकोलला त्याचा हात लागलेला नाही. तिथं नुसता चहा केलास तरी ऊब टिकते.

त्याचं पांघरूण मी काढून घेतलं आहे. "लई थंडी वाजती," म्हणून तो रडंल. रडू दे. पत्रा त्यानंच उघडा केला आहे.

तुझी सासू,
कडूबाई