पुसायची राहिलेली ओळ

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडणं बरं दिसत नाही. पण मी चिडले आहे. रविवारपासून घरात भांडी आपटते आहे, आणि नवऱ्याला वाटतंय त्याचंच काहीतरी चुकलं. त्या बिचाऱ्याचं काही चुकलेलं नाही. चुकलंय तुमचं.

आजच्या पोरांना न्यूजग्रुप म्हणजे काय हे सांगायला गेलं की ती जांभया देतात. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, कुणी पोस्ट लिहायची, बाकीच्यांनी खाली उत्तरं द्यायची. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा असा एक ग्रुप तुम्ही लॅबमधल्या सर्व्हरवर चालवायचात, आणि त्याचा दंडक तुमचाच होता. शंका असो, प्रोजेक्ट असो, जे काही असेल ते ग्रुपवर लिहायचं. तोंडी विचारलेल्याला तुम्ही उत्तर देत नसायचात, म्हणजे एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांना मिळावं. मला ते फार आवडायचं. मी सांगोल्याकडच्या मेंढपाळाची पोरगी. वर्गात तोंड उघडलं की हाय-न्हाय निघायचं आणि मागची बाकं फिदीफिदी हसायची. लिहिताना तो त्रास नव्हता. मी भरभरून लिहायचे, आणि तुम्ही माझ्या बारक्या शंकेलाही पान-पानभर उत्तर द्यायचात. तुमचं उत्तर आलेलं दिसलं की मी जेवायचं विसरायचे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. बाहेरच्या ग्रुपांवरून कचरा यायला लागला होता, घरबसल्या श्रीमंत व्हा, टकलावर केस उगवा, असला. तो कसा गाळायचा हे तुम्ही शिकवताय. फायलीत नियमाची एक ओळ लिहायची, की त्या माणसाची एकही पोस्ट आपल्याला दिसत नाही. "उदाहरणाला कुणाचं तरी नाव पाहिजे," तुम्ही म्हणता आणि माझ्याकडे बघता. "तुझंच घेतो. तुझ्याएवढे प्रश्न सबंध कॉलेजात कुणाला पडत नाहीत." वर्ग हसतो. मीही हसते, मला तर तो मानच वाटतो. तुम्ही लॅबच्या सामायिक फायलीत माझं नाव टाकता, जिच्यातून प्रत्येक मशीन नियम उचलतं, आणि पडद्यावरच्या माझ्या सगळ्या पोस्ट नाहीशा होतात. "घाबरू नकोस, लगेच काढतो," तुम्ही म्हणता. आणि लाइट जाते. आपल्या सोलापूरचा उन्हाळा, ती कशाला लवकर येतेय! अंधारात तुम्ही गप्पा मारत बसलात. मला म्हणालात, "नकोशा माणसाला खाली ढकलणं सोपं आहे. त्याच फायलीतून हव्या माणसाची पोस्ट सगळ्यात वरही आणता येते. करून बघ." लाइट आली तेव्हा पुढची बॅच दारात उभी होती.

नंतर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या जोड्या लागायला लागल्या, त्याही तुमच्या दंडकाप्रमाणे ग्रुपवरच. मी लिहिलं, मला कुणीतरी बरोबर घ्या. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. विषय सुचवले, कोड सगळा मी लिहीन म्हणाले, शेवटी तर हात जोडल्यासारखं लिहिलं. माझ्या पोस्ट मला दिसत होत्या, आपलं लिहिलेलं ग्रुप वाचायचा प्रोग्राम आपल्यापासून लपवत नसे. बाकीच्यांचं आपापसात छान चाललेलं दिसत होतं. एक दिवस धीर करून तुमच्या केबिनच्या दारात उभी राहिले.

"सर, माज्या प्रोजेक्टचं जरा..."

"ग्रुपवर लिही."

"लिवलंय की सर."

"मग उत्तर येईल," तुम्ही म्हणालात. मान वर करून बघितलंसुद्धा नाहीत.

आलं नाही. मला वाटलं, यांना मी नको आहे, आणि सरांनाही. आप्पा न्यायला आले. "तुला हितं कुणी इचारत न्हाय, तर ऱ्हातीस कशाला? चल घरी." मी गेले. दोन पावसाळे मेंढरांमागं हिंडले, मग हट्टानं परत येऊन शेवटचं वर्ष पुरं केलं. तोवर लॅबमध्ये तुमच्या फोटोला हार लागलेला आणि ग्रुप बंद पडलेला. मी त्या फोटोसमोर ढसाढसा रडले होते. ते रडणं आज परत मागावंसं वाटतंय.

रविवारी जुळे सोलापुरात एका लग्नाच्या पंगतीत आपल्या वर्गातली एक मैत्रीण शेजारी बसली. म्हणाली, "तू एकदम लिहायचंच बंद केलीस की गं! आम्हाला वाटलं, रुसली." मी म्हटलं, मी तर रोज लिहीत होते. तिचा घास हातातच राहिला. मग तिनं सांगितलं. मी गेल्यावर लॅबची मशीनं बदलली, ती सामायिक फाइल गेली आणि माझ्या सगळ्या पोस्ट एकदम वर आल्या. तुम्ही त्या वाचत बसलात. चहालाही उठला नाहीत. आणि मग एकेका पोस्टखाली उत्तर लिहिलंत. ग्रुपवर.

ग्रुपवर, सर! माळावर मेंढरांमागं हिंडणारी पोरगी कुठला ग्रुप वाचणार होती? एक ओळ पुसायची राहिली, ते मी सोडून देईन. लाइट जाते, माणूस विसरतो. पण कळल्यावर? ऑफिसात माझ्या गावाचा पत्ता होता. सांगोल्याची एसटी स्टँडवरून सुटत होती. दारात येऊन "चुकलं, चल परत" एवढं म्हणायला तुम्हाला काय झालं होतं? एवढे हुशार तुम्ही, आणि दंडक मोडून एका पोरीशी तोंडी बोलता आलं नाही तुम्हाला! मला याचा संताप येतो, आणि संतापाच्या खाली दुसरं काही असेल तर ते मला आज बघायचं नाही.

त्या उत्तरांत काय होतं, ते मैत्रिणीला आठवत नाही. तो सर्व्हर कधीच भंगारात गेला. हे लिहिलेलंही कुठं पाठवायचं नाही, आणि ग्रुपवर तर मी हे मेले तरी टाकणार नाही.

मी अजून दोन-तीन जुने ग्रुप वाचते. तिथं आता कचराच जास्त, तो गाळायला तुम्ही शिकवलेलेच नियम वापरते. नियमांची माझी स्वतःची फाइल प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर मी जशीच्या तशी उचलून नेत आले. तिच्यातली पहिली ओळ तुम्ही 'करून बघ' म्हणालात त्याच आठवड्यात लिहिलेली आहे. तुमच्या नावाची पोस्ट आली तर ती सगळ्यात वर दाखव, एवढंच तीत आहे. काल रागाच्या भरात ती पुसायला फाइल उघडली, ओळीवर जाऊन बसले, आणि तशीच बंद केली.