मागच्या खिडकीची चौकट

रविवार, संध्याकाळ

घरी कूलर, कपाटं बनवणाऱ्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले आम्ही तिघं आज पहिल्यांदाच नशिराबादच्या ढाब्यावर भेटलो. धरणगावचे नाना तेवढे आले नाहीत. बियर ओतताना धुळ्याच्या सुनीलनं विचारलं, "भाऊ, नाना तुमच्या ओळखीचे ना?" मला वाटायचं, त्याच्या. कोणाच्याच नाहीत!

मग परवा त्यांनी मला कसं लिहिलं, "मागच्या खिडकीची चौकट हलते, आधी ती बसवा, मग कूलर लावा"? चौकट खरंच हलायची, पण त्या खिडकीचा फोटो मी कधीच टाकला नव्हता.

तेवढ्यात ग्रुपवर नानांचा मेसेज आला: "तुम्ही प्या. मना हातमा एक काम शे."

यांच्या हातात आत्ता कसलं काम आहे? ग्लास तसाच टाकून घरी आलो. कुलूप जसंच्या तसं. मागची चौकट हलवून पाहिली. हलेना. चारही कोपऱ्यांत नवे स्क्रू.

आता कूलर तेवढा लावायचा राहिलाय.