बाथरूमचा उतार

अगं,

मी टाइल्सवाल्याकडे जाऊन येतो. तोवर आईला बाथरूममध्ये एकटीला सोडू नकोस, दाराशी पुन्हा पाणी साचलंय.

काल आई घसरली म्हणून तू त्याला फोनवर उभं-आडवं झापलंस, तेव्हा मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. आता खरं सांगतो. त्याने पहिल्यांदा जो भाव सांगितला, त्यात जुनी फरशी उखडून जाळीकडे उतार देणं धरलं होतं. मी घासाघीस करून त्याला निम्म्यावर आणलं. तो म्हणाला, "साहेब, एवढ्यात जुन्या फरशीवरच टाइल्स चिकटवाव्या लागतील. पाणी दाराकडे येईल." मी म्हटलं, "येऊ दे. फक्त घरात बोलू नका." आणि तुझ्यापुढे भाव पाडल्याची फुशारकी मारली.

आज त्याच्या पहिल्या भावातच सगळं पुन्हा करून दे म्हणणार आहे. येईल की नाही, देव जाणे.

काल तुझं एवढं ऐकून घेतलं, पण माझं नाव नाही काढलं त्याने. ते काही भावात धरलेलं नव्हतं.