सईच्या खोलीखालचा फर्नेस

प्रिय अहिल्याताई,

शिवच्या हाती हे पत्र पाठवतेय. शिव म्हणजे नकुलचा ऑफिसातला मित्र, आईवडिलांना भेटायला नागपूरला निघालाय. त्याला बजावलंय की पत्र देऊन पळू नकोस, ताईचं वाचून होईपर्यंत समोर बस. तेव्हा त्याला चहा दे आणि भाऊजींनाही बाहेर बोलाव. सईबद्दल आहे. रोज फोनवर तू विचारतेस, माझी लेक माझ्याशी का बोलत नाही, आणि रोज मी म्हणते, झोपलीय गं, बाळंतीण आहे, थकते. कंटाळा आला मला खोटं बोलायचा. आणि तूही काही दुधखुळी नाहीस.

सिया छान आहे, हे आधी ऐकून घे. गालावर बाळसं धरलंय, अंघोळीच्या वेळी घर डोक्यावर घेते. तिचं काही लपवत नाहीये.

भाऊजींच्या ऑपरेशनमुळे तुला येता येईना, म्हणून शुगर लँडहून मी इथे उत्तरेला, नोव्हायला बाळंतपणाला आले. आम्ही टेक्ससची माणसं, आमचा जन्म एसीशी भांडण्यात गेला. इथली थंडी म्हणजे कहरच! नकुलने घेतलेलं घर जुनं आणि बेसमेंटमधला गॅसचा फर्नेस त्याहून म्हातारा. खाली जाळ पेटतो आणि पंखा गरम हवा सगळ्या खोल्यांत ढकलतो. सईची खोली बरोबर त्याच्या वर, सगळ्यांत उबदार. म्हणूनच तर आपण बाळबाळंतिणीला ती दिली.

जानेवारीत तो फर्नेस नखरे करायला लागला. पेटायचा, थोडा चालायचा, गप्प व्हायचा. नकुल, आपले जावईबापू, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मग मेकॅनिकला कशाला बोलावतील? आधी फिल्टर बदलला, तो काळाकुट्ट झाला होता. मग जाळ लागलाय की नाही ते ओळखणारी एक बारीक सळई असते, ती पॉलिश पेपरने घासली. झाला की सुरू! मी कौतुकाने शिरा केला. दोन दिवसांनी पुन्हा बंद. या वेळी एक स्विच पडत होता. जाळ आपली जागा सोडून बाहेर यायला लागला की तो स्विच फर्नेस बंद करतो. नकुल त्याचं लाल बटण दाबायचा, फर्नेस पेटायचा, स्विच पुन्हा पडायचा. त्या कडाक्यात सगळ्या गावाचे फर्नेस बिघडलेले, रिपेअरवाल्याची अपॉइंटमेंट मिळेना, घरात तान्हं बाळ. शेवटी त्याने स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या. स्विचच खराब झालाय मावशी, फर्नेस ठणठणीत आहे, म्हणाला. तात्पुरतं केलंय, म्हणाला.

स्विच खराब नव्हता, ताई. मी खाली कपडे ड्रायरमध्ये टाकायला गेले की त्या फर्नेसकडे बघायचे. जाळ निळा असायचा, आणि पंखा सुरू झाला की पिवळा होऊन पुढे लपलपायचा. मला बघवायचं नाही. पण जावयाला काय सांगणार, तुझा जाळ मला आवडत नाही म्हणून?

आणि धुरी. तू रोज फोनवर विचारायचीस, धुरी दिलीस का, ओवा घातलास का, बाळाचं अंग शेकलंस का. पहिल्याच दिवशी निखाऱ्यावर ओवा पडला आणि छतावरचा अलार्म असा किंचाळला की सिया काळीनिळी होईपर्यंत रडली. नकुलने सगळे अलार्म उतरवून गॅरेजमध्ये ठेवले. तू म्हणालीस बरं केलं, मीही म्हटलं बरं केलं. ते अलार्म नुसते धुराचे नव्हते. विषारी गॅस झाला की तेच ओरडतात, हे आपल्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. वर वारा लागू नये म्हणून मी खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबले होते.

सईचं डोकं दुखायला लागलं. आपण म्हटलं, बाळंतवात. कानाला स्कार्फ बांधला. मळमळायला लागलं तर म्हटलं, डिंकाचे लाडू जड पडले. माझंही डोकं धरायचं, पण मी सियाला घेऊन घरभर फिरायचे, बाहेर बर्फ ओढायला जायचे, की बरं वाटायचं. सई त्या खोलीतून हलायची नाही. कशी हलेल, आपणच हलू देत नव्हतो.

सियाच्या लशीच्या दिवशी सई उठलीच नाही. म्हणाली, मावशी तुम्ही जा, मी पडते. आम्ही तिघं परत आलो तर ती पलंगाशेजारी जमिनीवर पडलेली, चेहरा हा असा गुलाबी. फायर ब्रिगेडवाले हातात मशीन घेऊन दारात शिरले आणि ते मशीन उंबऱ्यावरच ओरडायला लागलं. नंतर फर्नेस उघडला, तर जाळाच्या आणि हवेच्या मधल्या पत्र्याला वीतभर चीर. जाळाचा बिनवासाचा विषारी गॅस त्या चिरेतून हवेत मिसळून सरळ तिच्या खोलीत येत होता. आता नवा फर्नेस बसलाय. नकुल बेसमेंटच्या पायऱ्या उतरत नाही, धड जेवत नाही. त्याला बोल लावू नकोस, मी लावून झालंय.

हॉस्पिटलमध्ये तिला ऑक्सिजनच्या बंद पेटीत ठेवलं, आणि ती बरी होऊन आली गं! हसली, वरणभात मागून खाल्ला. तुला आम्ही व्हायरल ताप म्हणून सांगितलं ते तेव्हाच. वाटलं, टळलं. आणि मग काही आठवड्यांनी सुरू झालं. दूध पाजून झाल्यावर विचारायची, बाळाला पाजलंय का. नळ सोडून नुसती बघत उभी राहायची. परवा सियाला तिच्या मांडीवर दिलं तर मला हळूच विचारते, हिची आई कधी नेणार हिला? डॉक्टर म्हणतात, या गॅसचं असं होतं, बरं वाटून मागाहून मेंदूवर उतरतं. काहीजण बऱ्याच महिन्यांनी सावरतात, पण आत्ता कसलीच खात्री देत नाहीत. मला भीती वाटते, ताई. रोज तिच्यातलं थोडं थोडं काहीतरी जातंय आणि मी शेजारी बसून बघतेय.

हे पत्र लिहायला बसले ते कालच्यामुळे. दुपारी मी तिची वेणी घालत होते. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, खूप दिवसांनी ओळखीचं हसली आणि म्हणाली, आई, तू कधी आलीस? आणि मी ओ दिली, ताई. म्हटलं, आजच आले गं बाळा. माझ्या कुशीत शिरून ती इतकी शांत झोपली. आज सकाळपासून मला आईच म्हणतेय, आणि मी ओ देतेच आहे. तुझा व्हिसा आहे, भाऊजींना तुझ्या लेकाकडे, केदारकडे सोड, मिळेल त्या विमानात बस. शोभामावशी कोण, हे ती विसरलीय. आपल्याला आई आहे हे तिला अजून आठवतंय. ते आठवतंय तोवर ये.

तुझीच,
शोभा