मागच्या दाराचा भोंगा

हळ्ळीखेड, मंगळवार, सांजच्याला

मागच्या दाराला भोंगा कामून लावला मी? मी दिवसभर हुमनाबादला शाळेवर, आई घरी एकटी, म्हणून लावला. आत कॅमेरा बी लावला. शेजारच्या महादेवी अक्काला सांगायचं तेवढं राहिलं. तीस वर्षं ती मागच्याच दारानं येती, न विचारता. गेल्या आठवड्यात विरजणाची वाटी घेऊन आली अन् भोंगा बोंबलला. सगळी गल्ली गोळा झाली. "मी चोर हाय व्हय रे?" मला म्हणली, वाटी ठेवली अन् गेली. पुन्हा आली न्हाई.

आज वर्गात मोबाईल वाजला. कॅमेऱ्यात बघतो तर आई न्हाणीपाशी पडलेली. बारीक आवाजात "अक्का, अक्का" म्हणायली. तिची हाक मला हुमनाबादला ऐकू आली, भिंतीपलीकडं गेली न्हाई. अक्काला फोन करावा, तर नंबरच न्हाई माझ्याकडं. कधी गरजच पडली न्हाई. मी पोचेपर्यंत पाऊण तास आई तशीच फरशीवर.

खुब्याचं हाड मोडलंय. तिला बिदरला दवाखान्यात ठेवून कपडे न्यायला आलो. ती वाटी अजून ओट्यावरच हाय. माघारी द्यावी, माफी मागावी म्हणून मागचं दार उघडलं, अन् भोंगा वाजला. किती तरी वेळ वाजू दिला.

या खेपेला कोणीच बाहेर आलं न्हाई.