तीन हजारांवरची शिट्टी

४ फेब्रुवारी, बुधवार

शिट्टी गेली.

गाडी काल सर्व्हिसिंगहून आली. आज कामावरून येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरला. सरळ पट्टा लागताच दुसऱ्या गिअरमध्ये दाबली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांवर – काही नाही. चार, पाच – काही नाही. इंजिनाची घरघर आहे, सायलेन्सरचा घुमारा आहे, पण टर्बोची ती बारीक शिट्टी नाही. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा तो, जोरात फिरला की वाजणारच. बावीस वर्षं वाजतोय. तिसऱ्या हातची, रंग उडालेली दोन दारांची गाडी मी आणली, मास्तरने तिला टर्बो बसवला, त्या दिवसापासून.

शिट्टी टिपेला पोचली की गिअर बदलायचा. काट्याकडे मी कधी बघतच नाही. सर्व्हिसिंगला देण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत वाजत होती, शपथेवर सांगतो.

काल गाडी ताब्यात देताना मास्तर म्हणाला होता, "टर्बो उतरवून साफ केलाय." उतरवायला कोणी सांगितलं होतं?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. काचा बंद करून पाहिलं, उघड्या ठेवून पाहिलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

शांत डोक्याने लिहून काढतो.

मास्तर म्हणजे माझा गॅरेजवाला. गाडीच्या मालकांना शाळेतल्या मुलांसारखं झापतो म्हणून मास्तर. या गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा पाना लागलेला नाही. स्प्रिंगा त्याने खाली बसवल्या, सायलेन्सर त्याने बनवला, सीट आम्ही दोघांनी मिळून शिवून घेतल्या. बायकोच्या बाळंतपणात दवाखान्यात माझ्याबरोबर बसला होता तो. त्याच्यावर संशय घेताना माझीच मला लाज वाटते.

पण मग हा दिवा कशाला?

स्टिअरिंगच्या वर, काचेखाली एक पिवळा दिवा बसवलाय. मी मागितला नव्हता. मंगळवारी म्हणाला, "साहेब, हल्ली इंजिन फार ताणताय. काटा बघत जा. नाहीतर हा दिवा पेटला की गिअर बदला, सोपं." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

असला दिवा शिकाऊ लोकांना देतात. बावीस वर्षं कानाने गाडी चालवणाऱ्याला दिवा! तेव्हा नुसता राग आला होता. आज आंघोळ करता करता डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला आधीच माहीत होतं की शिट्टी जाणार आहे. म्हणून तिच्या जागी दिवा दिला.

माझा टर्बो जुन्या घडणीचा आहे, आता तसा मिळत नाही. तो हवा असलेले शौकीन पुष्कळ आहेत. त्याने माझा काढून दुसऱ्याला दिला आणि मला कसला तरी मुका डबा बसवला.

९ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यातही काहीतरी शिजतंय. पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या खात्यात तीस वर्षं काढली, आता मुकादम आहे, पण आज मॅनेजरच्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलत होते. मी "हो" म्हटलं तर दोघे हसले. नंतर स्टोअरकीपरने पाठीवर हात ठेवला. "तुम्हाला विचारत होते की रजा कधी घेणार, आणि तुम्ही हो म्हणालात."

रजा? मला घालवायचा विचार दिसतोय.

घरी येऊन गॅलरीत बसलो तर ही दारात उभी. "अहो, धुण्याचं यंत्र कधीचं ओरडतंय, बंद नाही का करायचं? तुम्ही शेजारीच तर बसलाय!" ते यंत्रही हल्ली नीट वाजत नाही. कंपन्या एकेक भंगार माल काढतायत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दिवा उपटला. तारेसकट. टेबलाच्या खणात ठेवलाय. मास्तरच्या तोंडावर फेकायला.

११ फेब्रुवारी, बुधवार

दार लावून लिहितोय.

ही स्वयंपाकघरात फोनवर होती. मी आत गेलो तशी तिने आवाज खाली आणला. हे हल्ली नेहमीचंच झालंय, आई आणि लेक दोघींचं. मी आलो की कुजबुज. "काय?" विचारलं की "काही नाही." आज मात्र फोन ओट्यावर ठेवून ती गॅलरीत कपडे काढायला गेली. मी पाहिला. शेवटचं नाव मास्तरचं. त्याआधीही मास्तर. गेल्या आठवड्यात तीनदा!

बावीस वर्षांत हिने मास्तरला एकदाही फोन केलेला नाही. गाडीचं नाव काढलं तरी नाक मुरडते, "तुमची ती" म्हणते. "तुमच्या तीत बसले की माझी कंबर जाते." आता एकदम तीनदा?

दोघांनी मिळून गाडी माझ्या हातून सोडवायचा घाट घातलाय. आधी शिट्टी, मग आणखी काही, मग "अहो, आता जुनी झाली, देऊन टाका." सगळं लक्षात येतंय.

विचारलं नाही. पुरावा हवा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गाडी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये नेली. पहिल्यांदाच. दारातून आत घेताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

चकचकीत जागा, फरशीवर तेलाचा थेंब नाही. दाढीवाला मालक स्वतः आला. त्याला टर्बो उघडून दाखवायला सांगितलं. माझी खूण फक्त मला माहीत – टर्बो बसवला त्याच आठवड्यात लेक जन्मली होती. खिळ्याने तिची जन्मतारीख मी आतल्या बाजूला कोरली होती. दाढीवाल्याने बॅटरी मारली. तारीख तिथेच होती.

जिवात जीव आला असं लिहायला हवं. पण आला नाही. कवच माझं ठेवून आतला पंखा बदलता येतो की. मास्तरला खूण माहीत आहे, खिळा त्यानेच दिला होता.

मग दाढीवाल्याने गाडी फिरवून आणली, मी शेजारी. उतरल्यावर म्हणतो, "काय साहेब, शिट्टी तर झकास येतेय! अशी आता ऐकायला मिळत नाही."

गिऱ्हाइकाला खूश करायला ही माणसं काहीही बोलतात. की यालाही मास्तरने फोन केला होता?

१६ फेब्रुवारी, सोमवार

भांडण झालं. व्हायचं ते झालं.

कामावरून थेट गॅरेजवर गेलो. मास्तरची चार माणसं होती, दोन गिऱ्हाइकं होती. ठरवलं होतं, बाजूला घेऊन बोलायचं. पण त्याने हसून विचारलं, "काय, दिवा उपयोगी पडतोय ना?" आणि माझं डोकं सटकलं.

म्हणालो, "माझा टर्बो कुठे आहे?"

"गाडीत."

"त्यातला पंखा? कुणाच्या गाडीत घातलात?"

तो काहीतरी बोलला, नीट कळलं नाही. तोंडातल्या तोंडात बोलतो हल्ली. मी ओरडलो, "स्पष्ट बोला! चोराला तोंड वर करून बोलता येत नाही!"

सगळं गॅरेज थांबलं. वेल्डिंगवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा वर केला. मास्तरचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने टेबलाच्या खणातून माझ्या गाडीची दुसरी किल्ली काढली. बावीस वर्षं तिथेच असायची ती. माझ्या हातात ठेवली आणि आत निघून गेला.

संशय पुरता खरा ठरला असं वाटायला हवं होतं. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

दोन्ही किल्ल्या आता माझ्याकडे आहेत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना कुणी बोललं नाही. की बोलले आणि मला वगळून?

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो. रात्री झोप येणार नाही, म्हणून आत्ताच, दुपारीच.

पुरावा करायचं ठरवलं होतं. सकाळी एकटा गेलो, फोन सीटवर ठेवला, दुसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांपर्यंत नेली आणि आवाज टिपून घेतला. जुना आवाज लेकीच्या कॉम्प्युटरवर आहे. बारा वर्षांची असताना शेजारी बसून तिनेच टिपला होता. दोन्ही एकापाठोपाठ लावायचे, जुन्यात शिट्टी, नव्यात नाही. मग ही काय बोलते ते बघायचं.

दोघींना समोर बसवलं. लेक म्हणाली, "बाबा, हे कशाला?" म्हटलं, "ऐक गप."

आधी जुना लावला. इंजिन चढत गेलं. मग माझ्या लेकीचा तो लहानपणचा आवाज – "वाजली! बाबा, वाजली!"

मी थांबवला. मागे नेला. परत लावला. इंजिन चढतंय. "वाजली! बाबा, वाजली!" आणि त्याच्या आधी काही नाही. नंतरही काही नाही.

"यात काय केलंस तू? शिट्टी पुसलीस?" मी लेकीवर ओरडलो. ती रडवेली झाली. "बाबा, मी हातही नाही लावला."

तिसऱ्यांदा लावला. पोर आनंदाने ओरडतेय, वाजली म्हणतेय. त्या पोरीने खोटं कशाला बोलावं? ती तर बारा वर्षांची होती.

मग सकाळचा लावला. माझं लक्ष हिच्याकडे गेलं. आवाज चढला तशी हिने दोन्ही हात कानांवर ठेवले. "बंद करा हो ती शिट्टी, कानात घुसते."

मी फोन बंद केला. मग मीच विचारलं, "मास्तरशी काय बोलत होतीस?"

ही माझ्याजवळ येऊन बसली. तोंड माझ्यासमोर आणून, एकेक शब्द सुटा करून बोलली. म्हणजे कितीतरी दिवसांपासून ती माझ्याशी अशीच बोलते, हे आज लक्षात आलं. "ते म्हणत होते, वहिनी, साहेबांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. गिअर उशिरा बदलतात, शिट्टी त्यांना ऐकू येत नाहीये. मला म्हणाले, तुम्ही सांगा. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. कोणाची हिंमत होईना. तुमचा स्वभाव आम्हाला माहीत आहे."

आणि मी त्याला चोर म्हणालो. माणसांसमोर.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कानाच्या डॉक्टरीणबाई. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काही आलंच नाही. म्हटलं, "बाई, तुमचं मशीन बंद आहे." त्या काचेपलीकडून नुसत्या हसल्या. मग मी त्यांच्या हाताकडे बघून बटण दाबायला लागलो. दोन मिनिटांत पकडला गेलो.

कागदावरची रेघ सुरुवातीला बरी, मग घसरगुंडी. खालचे आवाज आहेत, वरचे गेले. बारीक, उंच आवाज सगळे. परत येणार नाहीत म्हणाल्या. मशीन लावलं तर बोलणं स्पष्ट कळेल. शिट्टीचं विचारलं. "प्रयत्न करू," म्हणाल्या. हे डॉक्टर लोकांचं 'नाही'च असतं.

"कामाच्या जागी मोठा आवाज असतो?" म्हटलं, तीस वर्षं पत्रा ठोकतोय. "आणि छंद काही?" ही बाजूलाच बसली होती. मी छताकडे बघितलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गॅरेजवर गेलो. मास्तर एका टेम्पोखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांशीच बोललो.

"मास्तर, चुकलो. टर्बो नाही, कान गेलेत माझे."

पाय हलायचे थांबले. मग तो सरकत बाहेर आला. मी उठायला हात दिला, तो त्याने घेतला नाही. माझ्यासमोर येऊन मोठ्याने म्हणाला, "दाखवलेत कान?"

"दाखवले. मशीन पुढच्या आठवड्यात."

"बरं झालं." मग तो फडक्याने हात पुसायला लागला. "चोर म्हणालात, साहेब. माझ्यावर पोट असलेल्या माणसांसमोर."

"त्यांच्यासमोरच परत घेतो. बोलवा त्यांना."

"आज दोघंच आहेत. सोमवारी या, सोमवारी सगळे असतात." आणि परत टेम्पोखाली गेला.

सोमवारी जाईन. जाताना दुसरी किल्ली घेऊन जाईन. खणात ठेवून घेतो की नाही, ते त्याचं तो ठरवेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवा परत बसवायला घेतला, स्वतःच. खणातून काढला, उलटा केला. पाठीवर कागदी पट्टी आणि वायरिंगवाल्यासाठी मास्तरचं वेडंवाकडं अक्षर: "लाल गाडी. डोळ्यांसमोर लावणे. सहा हजारांना पेटला पाहिजे. साहेबांना शिट्टी ऐकू येत नाही, त्यांना काही बोलायचं नाही." खाली तारीख. गेल्या वर्षीच्या जानेवारीची.

तेरा महिने दिवा त्याच्या फळीवर पडून होता, मला द्यायचा धीर होईपर्यंत.

आणि ते तेरा महिने, तो 'टर्बो उतरवला' म्हणेपर्यंत, मी रोज शिट्टी ऐकत होतो. शपथेवर सांगतो, रोज ऐकत होतो.