कपाटामागची तारीख

अहो,

तुम्ही ड्युटीवर गेलात आणि बेडरूममध्ये कपाटामागचा पाइप फुटला. मेन कॉक बंद केलाय, तो उघडू नका. बोर्डात पाणी गेलंय, तिथला दिवा लावू नका. पिण्याचं पाणी हंड्यात आहे.

विम्याचा सर्व्हेअर उद्या अकराला येईल. फोनवर म्हणाला, पाइप अचानक फुटला असेल तर भरपाई मिळते, गळती माहीत असून झाकली असेल तर नाही. मी म्हटलं, आम्हाला काही कल्पनाच नव्हती. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

मग प्लंबर आणि शेजारच्या महेशभाऊंनी मिळून कपाट सरकवलं. पाइपला रबर गुंडाळून क्लॅम्प आवळलेला, आणि त्यावर पिवळ्या पेंटने तारीख, तुमच्या अक्षरात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रत्येक दुरुस्तीवर टाकता तशीच. हाताची सवय जात नाही.

नऊ मार्च. त्या आठवड्यात मी सायलीला घेऊन आईच्या ऑपरेशनसाठी मालेगावच्या हॉस्पिटलात होते. तुम्ही रोज फोनवर सांगत होतात, डबल ड्युटी चालू आहे, घरी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

तारीख मी पुसलेली नाही. सर्व्हेअरला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. सायलीला शाळेतून घेऊन मी आईकडे नामपूरला जातेय.

मला एवढंच कळवा. ते कपाट एकट्या माणसाला हलत नाही. त्या दिवशी दुसऱ्या बाजूने हात कोणी लावला?

उज्वला